विश्लेषण : दोघांचे पगार, दोघांची कर्जे... पण बेरीज कोण करणार?

नवरा-बायको दोघेही कमावते, घर दोघांच्या नावावर, पण कर्जे मात्र ज्याची त्याच्या फोनमध्ये! शहरी मध्यमवर्गात हे चित्र आता नवे राहिलेले नाही. गृहकर्जाचा हप्ता दोघांना ठाऊक असतो. पण क्रेडिट कार्डची थकबाकी, अ‍ॅपवरून घेतलेले वैयक्तिक कर्ज, हप्त्यांवर घेतलेला फोन यांचा हिशेब अनेकदा जोडीदारालाही माहीत नसतो. कर्जफेडीची सुरुवात त्यामुळे बँकेत नव्हे, तर घरातल्या टेबलावर होते. ती कशी करावी, नियम काय सांगतात आणि एकमेकांच्या कर्जाला पती-पत्नी कितपत जबाबदार असतात, याविषयी...

घरगुती कर्जांचे चित्र काय सांगते?

देशातील कुटुंबांवरील एकूण कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) ४१ ते ४२ टक्क्यांच्या घरात आहे. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२५च्या वित्तीय स्थैर्य अहवालानुसार, प्रत्येक कर्जदार व्यक्तीवरील सरासरी कर्ज मार्च २०२३ मध्ये ३.९ लाख रुपये होते, ते मार्च २०२५ पर्यंत ४.८ लाखांवर गेले. केवळ दोन वर्षांतील ही वाढ आहे.

यातील जास्त बोलका आकडा वेगळाच आहे. कुटुंबांच्या एकूण कर्जात गृहकर्जाचा वाटा २९ टक्के, तर गृहकर्ज सोडून इतर किरकोळ कर्जांचा वाटा जवळपास ५५ टक्के आहे. या कर्जांत वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्ड, वाहन कर्ज, सोने तारण कर्ज आदींचा समावेश होतो. म्हणजे घर उभे करणाऱ्या कर्जापेक्षा खर्च भागवणारे कर्ज मोठे झाले आहे. दुसरीकडे, २०२२-२३ मध्ये कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत जीडीपीच्या ५.१ टक्क्यांपर्यंत घसरल्याचे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केले, तेव्हा ती जवळपास पाच दशकांतील नीचांकी पातळी होती.

त्यानंतर दोनच महिन्यांत, नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तारण नसलेल्या ग्राहक कर्जांवरील जोखीम भारांक १०० वरून १२५ टक्के केला. बँकांच्या क्रेडिट कार्ड थकबाकीसाठी तो १२५ वरून १५० टक्के करण्यात आला. अशी कर्जे सढळ हाताने वाटणे बँकांना महाग पडावे, हा त्यामागचा हेतू होता.

कर्जाकडे पाहण्याची दृष्टी कशी बदलली?

मागच्या पिढीत नोकरदाराचे कर्ज म्हणजे बहुधा पगारदार पतसंस्थेचे कर्ज. त्यासाठी अर्ज, पगारपत्रक आणि मुख्य म्हणजे दोन जामीनदार लागत. जामीन राहणारा सहकारी ‘कशाला हवेत पैसे?’ असे विचारत असे. त्या प्रश्नाने अनेक अनावश्यक कर्जे तिथेच थांबत. घरी बायकोला आणि कार्यालयात चार जणांना कर्जाची खबर असे. भिशीचेही तसेच. कोणाचा हप्ता चुकला, हे सगळ्यांना कळे.

आता पाच मिनिटांत, कोणालाही न विचारता, थेट खात्यात पैसे येतात. कागदपत्रांचा त्रास वाचला हे चांगलेच झाले. मात्र त्यासोबत कर्जावरचा सामाजिक लगामही गेला. कर्ज पूर्णपणे खासगी बाब झाली.

दुसरा बदल भाषेतला आहे. पूर्वी ‘किती कर्ज आहे?’ असे विचारले जाई. आता ‘हप्ता किती बसतो?’ असे विचारले जाते. ऐंशी हजारांचा फोन महाग वाटतो, पण महिना साडेतीन हजारांचा वाटत नाही. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण ठाऊक असली, तरी अंथरुणाचे माप आता हप्त्यांत घेतले जाते. कर्ज फेडू पाहणाऱ्या जोडप्याला सर्वप्रथम हीच सवय मोडावी लागते. हप्ता परवडतो का, यापेक्षा एकूण किती देणे आहे आणि त्यावर किती टक्के व्याज चालू आहे, हे पाहावे लागते.

दोघांच्या कर्जांची बेरीज कोणीच करत नाही का?

बँक कर्ज देताना अर्जदाराचा पतअहवाल पाहते. त्यात त्या व्यक्तीची कर्जे दिसतात, जोडीदाराची नाहीत. पती एकटा अर्ज करत असेल, तर पत्नीच्या नावावरील दुचाकीचे कर्ज किंवा तिचे कार्ड बँकेच्या हिशेबात येत नाही. प्रत्येक हप्ता मात्र शेवटी त्याच घरातून जातो.

गंमत म्हणजे, कुटुंबाची बेरीज करण्याचा नियम आहे, पण तो गरीब घरांसाठी. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये सूक्ष्म कर्जांसाठी आणलेल्या चौकटीनुसार, वार्षिक तीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना विनातारण दिलेले कर्ज हे सूक्ष्म कर्ज मानले जाते. यात कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले. अशा कुटुंबाचे सर्व कर्जांचे मिळून मासिक हप्ते मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त असू नयेत, अशी मर्यादा आहे. बचत गटातील किंवा सूक्ष्म वित्त संस्थेकडून कर्ज घेणाऱ्या महिलेच्या घरासाठी जो विचार नियमाने केला, तो दोन पगारांच्या सदनिकेसाठी कोणीच करत नाही. तो त्या जोडप्यालाच करावा लागतो.

ही बेरीज प्रत्यक्षात कशी दिसते?

समजा, पिंपरी-चिंचवडमधील एक नोकरदार जोडपे आहे. (उदाहरण काल्पनिक आहे.) पतीच्या हाती ५५ हजार आणि पत्नीच्या हाती ४० हजार रुपये येतात. एकूण ९५ हजार. दोघांच्या नावे ३० लाखांचे गृहकर्ज साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी आहे. त्याचा हप्ता सुमारे २६ हजार. पतीने बहिणीच्या लग्नासाठी तीन लाखांचे वैयक्तिक कर्ज १५ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले; हप्ता सुमारे १० हजार ४०० रुपये. पत्नीच्या नावावर स्कूटर आणि फोनचे मिळून साडेपाच हजारांचे हप्ते आहेत.

याशिवाय पतीच्या क्रेडिट कार्डवर १ लाख २० हजार रुपये थकले आहेत. तो दरमहा ‘किमान देय रक्कम’ म्हणून सहा हजार भरतो आणि याविषयी घरात बोललेला नाही. पत्नीनेही एक गोष्ट सांगितलेली नाही. अडीअडचणीला असावेत म्हणून तिने १ लाख १० हजार रुपये मुदत ठेवीत ठेवले आहेत. तिच्या आईच्या पिढीत हे पैसे धान्याच्या डब्यात असत, एवढाच फरक.

सगळे हप्ते एकत्र मांडले, तर महिना सुमारे ४८ हजार रुपये होतात. म्हणजे उत्पन्नाच्या निम्म्याहून किंचित अधिक. सूक्ष्म कर्जाच्या नियमात हे घर नव्या कर्जाला अपात्र ठरले असते. प्रत्यक्षात मात्र दोघांनाही ‘तुमच्यासाठी कर्ज मंजूर’ असे संदेश येतच राहतात.

‘किमान देय रक्कम’ भरण्यात धोका काय?

कार्डवरील थकबाकीवर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज धरले, तर १ लाख २० हजारांवर एका महिन्याचे व्याज ४,२०० रुपये होते. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७५६ रुपये. सहा हजार भरल्यावर त्यातील ४,९५६ रुपये व्याज आणि करातच जातात. मूळ थकबाकी कमी होते ती फक्त १,०४४ रुपयांनी. शिवाय संपूर्ण बिल भरले नाही, तर नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही मिळत नाही. किराणा त्याच कार्डवर आणला, तर त्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. किमान रक्कम भरल्याने विलंब शुल्क टळते, कर्ज टळत नाही.

या दरांना कायद्याने आळा बसेल, ही आशाही सध्या नाही. क्रेडिट कार्डवर ३० टक्क्यांहून अधिक व्याज आकारणे ही अनुचित व्यापार प्रथा असल्याचा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ मधील निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

मग आधी कोणते कर्ज फेडावे?

जगभर दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिल्या, म्हणजे ‘अ‍ॅव्हलांच’ पद्धतीत सर्वाधिक व्याजदराचे कर्ज आधी फेडले जाते. दुसऱ्या, म्हणजे ‘स्नोबॉल’ पद्धतीत सर्वात लहान रकमेचे कर्ज आधी संपवले जाते, दर कितीही असो. पहिलीत पैसे जास्त वाचतात. दुसरीत एकेक कर्ज लवकर संपल्याने हुरूप टिकतो. मात्र यादीत ४२ टक्क्यांचे कार्ड असेल, तर निवडीला फारसा वाव नाही. ते आधी संपवणेच शहाणपणाचे.

वरील उदाहरणात पत्नीच्या ठेवीतील ८० हजार रुपयांवर सात टक्क्यांनी वर्षाला ५,६०० रुपये व्याज मिळते. तेवढ्याच कार्ड थकबाकीवर वर्षाला ३३ हजार ६०० रुपये व्याज आणि त्यावर सहा हजारांहून अधिक कर जातो. एकाच घराच्या एका खिशात सात टक्के येतात आणि दुसऱ्या खिशातून बेचाळीस टक्के जातात. दोघांना एकमेकांचे खिसे ठाऊक नसल्यानेच हे चालू राहते.

ठेवीतील ८० हजार कार्डात भरले आणि ३० हजार अडचणीसाठी ठेवले, तर थकबाकी ४० हजारांवर येते. पूर्वी भरत होते ते सहा हजार आणि खर्चातून काढलेले आणखी सहा हजार, असे दरमहा १२ हजार भरले आणि कार्ड वापरणे थांबवले, तर चार महिन्यांत ते शून्यावर येते. हेच १२ हजार मग आधी ठेव पूर्ववत करण्यासाठी आणि नंतर वैयक्तिक कर्जाकडे वळवता येतात. यात मोडलेल्या ठेवीवर साधारणतः थोडे व्याज कापले जाते. पण वाचणाऱ्या रकमेपुढे ते किरकोळ आहे.

मुदतीपूर्वी फेडल्यास दंड लागतो का?

व्यक्तींनी घर किंवा अन्य बिगरव्यावसायिक कारणासाठी घेतलेल्या, बदलत्या व्याजदराच्या कर्जाला मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क लावता येत नाही. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकृत होणाऱ्या कर्जांसाठी ही सवलत व्यक्तींच्या व्यावसायिक कर्जांपर्यंतही बऱ्याच अंशी विस्तारली आहे. वैयक्तिक कर्जे मात्र बहुधा स्थिर दराची असतात. त्यांना असे शुल्क असू शकते. ते कर्जासोबत मिळणाऱ्या ‘मुख्य तथ्य विवरणपत्रा’त पाहता येते. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी हे विवरणपत्र बंधनकारक आहे. सर्व शुल्कांसह वार्षिक दर किती पडतो, हेही त्यात द्यावे लागते. कर्ज घेताना हप्त्याऐवजी हा एक आकडा पाहण्याची सवय लागली, तरी दृष्टिकोनात मोठा फरक पडतो.

गृहकर्ज लवकर फेडावे का?

‘कर वाचतो, म्हणून गृहकर्ज राहू द्यावे’ हा सल्ला वर्षानुवर्षे दिला गेला. आता तो तपासून घ्यायला हवा. स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील दोन लाखांपर्यंतच्या व्याजाची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. नव्या प्रणालीत ती नाही. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नसल्याने, अनेक नोकरदारांसाठी हा युक्तिवाद संपला आहे.

उदाहरणातील ३० लाखांच्या कर्जावर २० वर्षांत सुमारे साडेबत्तीस लाख रुपये निव्वळ व्याज जाते. दरवर्षी एक हप्ता जास्तीचा भरला, तर कर्ज तीन वर्षांहून अधिक आधी संपते आणि सहा लाखांहून अधिक रुपये वाचतात. दिवाळीच्या बोनसचा हाही एक उपयोग आहे.

व्याजदर बदलतात, तेव्हाही लक्ष हवे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ दरम्यान रेपो दर अडीच टक्क्यांनी वाढला. सात टक्क्यांनी ३० लाखांचे, २० वर्षांचे नवे कर्ज घेतलेल्याचा हप्ता सुमारे २३,२५० रुपये होता. दर साडेनऊ टक्के झाल्यावर महिन्याचे व्याजच २३,७५० रुपये झाले. म्हणजे हप्ता तोच ठेवला, तर व्याजही भागत नव्हते. अनेकांचा हप्ता न वाढता मुदतच वाढत गेली आणि ते त्यांना उशिरा कळले. त्यामुळे ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला. दर बदलल्यास हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे निवडण्याची संधी कर्जदाराला द्यावी लागते. फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रेपो दर एक टक्क्याने कमी झाला. अशा वेळी हप्ता कमी करून न घेता तोच चालू ठेवला, तर मुदत घटते. आपली उरलेली मुदत किती, हे पती-पत्नी दोघांनीही बँकेकडून एकदा लेखी मागवून पाहावे.

जोडीदाराच्या कर्जाची जबाबदारी कोणावर?

केवळ लग्न झाले म्हणून पतीचे कर्ज पत्नीचे किंवा पत्नीचे पतीचे होत नाही. मात्र सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल, तर जबाबदारी निम्मी नव्हे, संपूर्ण असते. एकाने हप्ता चुकवला, तरी पतअहवाल दोघांचा बिघडतो. घटस्फोट झाला, तरी बँकेशी केलेला करार आपोआप सुटत नाही. जोडीदाराचा मृत्यू झाल्यास वारसांची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. वसुली प्रतिनिधीने दबाव आणला, म्हणून विधवेने स्वतःच्या पगारातून पतीचे वैयक्तिक कर्ज फेडण्याचे बंधन नाही.

कर्जबाजारी होण्याच्या जोखमीपासून पत्नी-मुलांना सुरक्षित ठेवणारी एक जुनी तरतूदही आहे. विवाहित महिला मालमत्ता कायदा, १८७४ अंतर्गत पतीने आयुर्विमा घेतला, तर त्याच्या रकमेवर पतीच्या धनकोंना हक्क सांगता येत नाही. पण तसे विमा घेतानाच नमूद करावे लागते.

पत्नीचे दागिने आणि बचत यांचे काय?

कर्जफेडीच्या चर्चेत पहिली नजर सोन्याकडे जाते. स्त्रीधन हे पती-पत्नीची संयुक्त मालमत्ता नसून त्यावर पत्नीचाच संपूर्ण हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. पती अडचणीत ते वापरू शकतो, पण ते किंवा त्याचे मूल्य परत करणे हे त्याचे नैतिक कर्तव्य आहे, असेही न्यायालयाने म्हटले. घरातल्या व्यवहारालाही हाच न्याय लावता येतो. पत्नीची ठेव मोडून पतीचे कार्ड फेडले, तर पहिली बचत पुन्हा तिच्या नावे उभी राहायला हवी. नाहीतर कर्ज पतीचे संपते आणि आधार पत्नीचा.

सोने तारण ठेवून महागडे कर्ज फेडणे व्याजाच्या गणितात फायद्याचे असू शकते. पण कार्ड रिकामे होताच ते पुन्हा वापरले गेले, तर एकाऐवजी दोन कर्जे होतात आणि दागिनेही अडकतात. कर्जामागे ऑनलाइन जुगारासारखे व्यसन असेल, तर आधी समुपदेशन, मग पैसे, हाच क्रम योग्य. दागिन्यांसाठी जबरदस्ती होत असेल, तर कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ मध्ये आर्थिक छळाचाही समावेश आहे.

हप्ते झेपतच नसतील तर?

थकण्यापूर्वी बँकेशी लेखी बोलणे केव्हाही चांगले. मुदत वाढवून किंवा पुनर्रचना करून मार्ग निघू शकतो. ‘कमी पैसे भरा आणि मिटवा’ ही तडजोड आकर्षक वाटते, पण पतअहवालात त्या कर्जाची नोंद पूर्ण फेडलेले अशी न होता तडजोडीने मिटवलेले अशी होते. पुढच्या कर्जाच्या वेळी ती आड येते. वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर फोन करता येत नाही. बँकेने ३० दिवसांत तक्रारीची दखल घेतली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

दृष्टिकोन बदलतो म्हणजे नेमके काय होते?

बदलाच्या काही खुणा दिसत आहेत. नीती आयोगाच्या मार्च २०२५ मधील अहवालानुसार, डिसेंबर २०२४ पर्यंत सुमारे २ कोटी ७० लाख महिला स्वतःच्या पतअहवालावर लक्ष ठेवत होत्या. वर्षभरात ही संख्या ४२ टक्क्यांनी वाढली. प्रत्येक पतसंस्थांक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. दोघांनी आपापले अहवाल काढून शेजारी ठेवले, की बेरजेचे अर्धे काम होते. त्यात विसरलेली कर्जे आणि चुकीच्या नोंदीही सापडतात.

खरी अडचण दुसऱ्या अर्ध्यात असते. लपवलेले कर्ज उघड करणाऱ्याला अपमान वाटतो आणि लपवलेली बचत उघड करणारीला आधार गेल्यासारखे वाटते. त्यामुळे पहिली बैठक ‘कोणी केले’ यावर न होता ‘किती आहे’ यावर झाली, तरच दुसरी बैठक होते. प्रत्येकाला हिशेब न मागता खर्च करण्यापुरती ठरावीक रक्कम ठेवणे, ठरावीक रकमेपुढील खरेदी दोघांच्या संमतीने करणे आणि महिन्यातून एकदा आकडे पाहणे, एवढी शिस्त बहुतेक घरांना पुरते.

शेवटचा हप्ता भरल्यावर खरी परीक्षा असते. उदाहरणातील जोडप्याचा वैयक्तिक कर्जाचा हप्ता संपला, की महिना दहा हजार ४०० रुपये मोकळे होतात. त्याच दिवशी ‘तुमच्यासाठी नवे कर्ज मंजूर’ असा संदेशही येऊ शकतो. ती रक्कम नव्या हप्त्यात गेली, तर फक्त कर्ज बदलले. तीच रक्कम दोघांना ठाऊक असलेल्या ठेवीत जाऊ लागली, तर सवय बदलली, असे म्हणता येईल.